‘आम्ही केवळ मध्यस्थ’ : क्रूझ आणि हॉटेलच्या पॅकेजमधले चौदावे कलम

क्रूझ आणि शहरातले हॉटेल एकत्र विकणाऱ्या पॅकेजांबद्दल अलीकडे जवळजवळ एकाच मजकुराची पत्रे येऊ लागली आहेत. त्यांपैकी नाशिकच्या एका निवृत्त शिक्षकांचे पत्र सर्वांत सविस्तर, आणि कागदपत्रांच्या बाबतीत सर्वांत अस्ताव्यस्त, असल्यामुळे उत्तरासाठी तेच घेतले आहे.

पत्रलेखक, त्यांच्या पत्नी, भाऊ आणि वहिनी अशा चौघांनी नाशिकमधल्याच एका एजंटाकडून सात रात्रींचे पॅकेज घेतले. मुंबईत दोन रात्री हॉटेल, मग बॅलार्ड पिअरहून सुटणाऱ्या जहाजावर लक्षद्वीपमार्गे कोचीपर्यंत तीन रात्री, कोचीत आणखी दोन रात्री हॉटेल आणि तेथून विमानाने मुंबई, असा कार्यक्रम होता. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र निर्माण झाल्याने जहाजाने लक्षद्वीप आणि कोची ही दोन्ही ठिकाणे गाळली आणि गोव्याला जाऊन ते मुंबईला परतले. कोचीच्या हॉटेलने प्रवासी आले नाहीत म्हणून दोन्ही रात्रींचे पैसे कापून घेतले आणि विमानाची तिकिटे वाया गेली. पॅकेजच्या १,८६,००० रुपयांपैकी १,२०,००० बँकेतून आणि ६६,००० रोख दिलेले आहेत. एजंटाने अटींच्या कागदातले चौदावे कलम दाखवून हात झटकले: ‘आम्ही केवळ मध्यस्थ असून जहाज कंपनी, विमान कंपनी अथवा हॉटेल यांच्या सेवेस जबाबदार नाही.’ त्याने पुढच्या सहलीत वळते करण्यासाठी वीस हजार रुपयांचे क्रेडिट देऊ केले असून त्यावर पत्रलेखकांनी होकारही दिलेला नाही आणि नकारही. या सगळ्याला वीस महिने झाले. आता त्यांचा प्रश्न असा की, अटींवर सही केलेली असल्याने आपला हक्क संपला का?

हक्क संपलेला नाही. मात्र तो ज्या मुद्द्यावर टिकणार आहे, त्याचा उल्लेख तुमच्या पत्रात कुठेच नाही. समुद्र खरोखर किती खवळला होता, शेजारच्या केबिनमधल्या प्रवाशांचे काय म्हणणे होते, गोव्यात ऊन कसे पडले होते, यावर तुम्ही दोन पाने लिहिली आहेत. तो वाद सोडून द्या. समुद्रावरील जीवितसुरक्षेच्या १९७४ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार, म्हणजे सोलासनुसार, सुरक्षिततेसाठी आवश्यक असा निर्णय घेण्यापासून जहाजाच्या कप्तानाला जहाजाचा मालकही रोखू शकत नाही. त्यातून लक्षद्वीपमधल्या अगत्तीसारख्या बेटावर मोठे जहाज धक्क्याला लागतच नाही. ते बाहेर नांगरून प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर न्यावे लागते, आणि लाटा वाढल्या की पहिल्यांदा थांबते ती ही ने-आण. त्या रात्री कप्तानाचे चुकले असे कोणताही ग्राहक आयोग म्हणेल, असे मला वाटत नाही.

निकाल ठरणार आहे तो चौदाव्या कलमावर, आणि त्या कलमाचे उत्तर तुम्ही सहपत्रांच्या तळाशी, उलट्या बाजूने जोडलेल्या एका कागदात आहे. बँकेतून दिलेल्या १,२०,००० रुपयांचे ते बिल आहे. त्यावर एजंटाचे नाव आणि जीएसटी क्रमांक आहे, वर्णनात ‘टूर पॅकेज, निवास व वाहतूक खर्चासह’ असे शब्द आहेत आणि कर ५ टक्के लावलेला आहे. तुम्ही त्यावर पेन्सिलीने ‘अपुरे बिल, उपयोग नाही’ असे लिहून ठेवले आहे. माझ्या मते तुमच्या संपूर्ण फाइलमध्ये उपयोगाचा कागद असेल तर तो हाच.

याचे कारण असे. जो खरोखर मध्यस्थ असतो, म्हणजे दुसऱ्याचे तिकीट वा खोली मिळवून देऊन स्वतः फक्त सेवाशुल्क किंवा कमिशन घेतो, त्याला जीएसटी त्या शुल्कावर लागतो आणि त्याचा दर १८ टक्के आहे. संपूर्ण रकमेवर ५ टक्के कर आकारण्याची सवलत २०१७ च्या अधिसूचनेनुसार सहल आयोजकाला आहे, आणि तीही खरेदीवर भरलेल्या कराची वजावट सर्वसाधारणपणे न घेण्याच्या तसेच बिलाची रक्कम सहलीची पूर्ण रक्कम असून तीत निवास व वाहतुकीचा खर्च धरलेला आहे असे बिलावर दिसण्याच्या अटीवर. तेव्हा कर भरताना ‘ही सहल मी विकली’ असे सरकारला सांगायचे आणि तक्रार आली की ‘मी काही विकलेच नाही’ असे ग्राहकाला सांगायचे, अशा दोन भूमिका एकच माणूस घेत आहे. कराचे बिल म्हणजे कराराचा निर्णायक पुरावा नव्हे, आणि सामनेवाल्यांचे वकील तसे म्हणतीलही. पण व्यवहार होत असताना एजंटाने स्वतःच्या हाताने केलेले ते वर्णन आहे, आणि छापील अटींपेक्षा आयोगाचे लक्ष त्याकडे अधिक जाईल अशी मला अपेक्षा आहे.

त्याला जोड आहे ती तुमच्या कार्यक्रमपत्रिकेतल्या एका शब्दप्रयोगाची. कोचीच्या मुक्कामापुढे तेथे ‘चार तारांकित हॉटेल किंवा तत्सम’ एवढेच छापलेले आहे, हॉटेलचे नाव नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २३० प्रमाणे एजंट सहसा आपल्या मालकाच्या, म्हणजे ज्याच्या वतीने तो काम करतो त्याच्या, करारासाठी व्यक्तिशः बांधील नसतो. मात्र मालकाचे नाव त्याने उघड केले नसेल, तर तो बांधील आहे असे कायदा गृहीत धरतो. हे गृहीतक पुराव्याने खोडता येते, आणि हॉटेलचे व्हाउचर तुम्हाला निघण्यापूर्वी नावासह मिळाले होते असा बचाव येऊ शकतो; म्हणून ते व्हाउचर मोबाइलवर कोणत्या तारखेला आले, हे आजच पाहून ठेवा. जहाजाच्या तिकिटाबाबत मात्र हा मुद्दा तितका भक्कम नाही, कारण त्यावर कंपनीचे नाव पहिल्यापासून होते.

समजा, आयोगाने एजंटाचे म्हणणे मान्य केले आणि तो मध्यस्थच ठरला, तरी त्याची सुटका होत नाही. पैसे तुम्ही दिलेत, बुकिंग तुमच्या सांगण्यावरून झाले. मग तो तुमचाही एजंट ठरतो, आणि त्याच अधिनियमाच्या कलम २१३ नुसार त्याने मागणी होताच हिशेब देणे आणि कलम २१८ नुसार तुमच्या वतीने मिळालेली रक्कम तुम्हाला देणे बंधनकारक आहे. गाळलेल्या बंदरांपोटी जहाज कंपनीने काही रक्कम बुकिंग करणाऱ्या एजंटांकडे परत पाठवली, असे तुम्हाला एका सहप्रवाशाने सांगितल्याचे पत्राच्या अखेरीस ओझरते आले आहे. ते खरे असेल तर वीस हजारांचे ‘क्रेडिट’ हे एजंटाचे औदार्य नसून तुमच्याच पैशांतला एखादा तुकडा असू शकतो. म्हणून तक्रारीत दोन्ही बाजू पर्यायाने मांडाव्यात: तो विक्रेता असेल तर सेवेतील त्रुटी, आणि मध्यस्थ असेल तर हिशेब. जहाज कंपनीला दुसरी सामनेवाली करावे, म्हणजे तिने किती परत केले हे तिच्या लेखी जबाबातून बाहेर येईल. हॉटेलला पक्षकार करावे की नाही यावर दोन मते संभवतात. व्हाउचर कोणी आणि कोणत्या दराने काढले, हे पाहून तुमच्या वकिलांनी ठरवावे.

आणखी एक गोष्ट तपासण्यासारखी आहे, आणि हवामानाशी तिचा संबंध नाही. मार्ग बदलल्याची सूचना जहाज कंपनीने एजंटाला कधी दिली? ती तुम्ही मुंबईच्या हॉटेलात असतानाच पोहोचली असेल आणि एजंटाने ती ना तुम्हाला कळवली ना कोचीच्या हॉटेलला, तर दोन रात्रींचे पैसे वादळाने नव्हे, त्याच्या मौनाने गेले. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीच्या व्याख्येतच संबंधित माहिती जाणीवपूर्वक दडवणे अंतर्भूत आहे. सूचनेचा तो ईमेल हजर करण्याचा आदेश आयोगाकडून मागता येईल. तो मिळेलच असे मी सांगू शकत नाही.

आता रोख दिलेल्या ६६,००० रुपयांविषयी. ‘जीएसटी वाचेल म्हणून आम्हीच पक्के बिल नको म्हटले’ हे वाक्य तुम्ही जितक्या सहजपणे लिहिले आहे, तितक्या सहजपणे त्याचे परिणाम निस्तरता येत नाहीत. सेवेचे बिल न देणे ही २०१९ च्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. पण ज्याने स्वतःच बिल नाकारले त्याने ती तक्रार किती जोराने करावी, याला मर्यादा आहे. शपथपत्रात ‘मागूनही बिल दिले नाही’ असे लिहिण्याचा मोह टाळा, कारण ते असत्य आहे आणि तुमचाच जुना मेसेज ते उघडे पाडू शकतो. रोख रकमेसाठी आधार आहे तो एजंटाच्या दरपत्रकाचा आणि ‘बाकी मिळाली’ या त्याच्या व्हॉट्सअॅप संदेशाचा. तो संवाद न पुसता जपा, मोबाइल बदलू नका आणि छापील प्रतीसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी असलेले, भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चे प्रमाणपत्र जोडा. ग्राहक आयोग पुराव्याच्या नियमांत फार अडकत नाहीत, तरीही ते जोडा. रोखीचा व्यवहार कर खात्याला कळवण्याचा धाक एजंटाला लेखी वा तोंडी घालू नका; तो मेसेज उद्या तुमच्याविरुद्धच वाचला जाईल.

वीस महिने तुम्ही काय केले, तर एजंटाला सणासुदीला फोन केलेत आणि ‘बघतो’ हे उत्तर ऐकून घेतलेत. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ६९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत तक्रार दाखल व्हावी लागते. मुदत सुरू होण्याचा दिवस कोणता यावर वाद घालता येतो. तुम्ही तो न घालता जहाज मुंबईला परतले तोच दिवस धरावा. पत्रव्यवहार, फोन किंवा १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरची नोंद यांनी ही मुदत वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये स्टेट बँक ऑफ इंडिया विरुद्ध बी. एस. अॅग्रिकल्चर इंडस्ट्रीज या प्रकरणात, जुन्या कायद्यातील याच स्वरूपाच्या तरतुदीबाबत, सामनेवाल्याने आक्षेप घेतला नाही तरी मुदतीचा मुद्दा आयोगाने स्वतः तपासलाच पाहिजे असे स्पष्ट केले आहे. विलंबमाफीची सोय आहे, पण एजंटाच्या ‘बघतो’वर विसंबून राहिलो हे पुरेसे कारण ठरेल याची हमी कोणताही वकील देणार नाही. कायदेशीर नोटीस अवश्य पाठवा, पंधरा दिवसांची मुदत द्या आणि उत्तर येवो वा न येवो, तक्रार दाखल करा. ग्राहक तक्रारीपूर्वी नोटीस देणे कायद्याने सक्तीचे नाही, त्यामुळे तिच्या उत्तरासाठी थांबण्याचे कारणही नाही.

तक्रार नाशिकच्या जिल्हा आयोगातच करता येईल. ‘सर्व वाद मुंबईच्या न्यायकक्षेत’ या अटीची तुम्ही काढलेली काळजी अनाठायी आहे, कारण कलम ३४ तक्रारदाराला तो राहतो त्या ठिकाणी तक्रार करण्याची मुभा देते. सेवेपोटी तुम्ही दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असल्याने फी लागणार नाही. मसुदा करताना मात्र एक काळजी घ्या: चौदावे कलम ‘अनुचित करार’ म्हणून रद्दबातल ठरवावे अशी प्रार्थना करू नका. ते अधिकार २०१९ च्या कायद्याने राज्य आयोगाला दिलेले आहेत, जिल्हा आयोगाला नाहीत, आणि त्या एका ओळीमुळे अधिकारक्षेत्राचा आक्षेप येऊन वर्ष-दीड वर्ष त्यातच जाऊ शकते. कलम रद्द करून मागण्याऐवजी, बिल पाहता ते तुमच्या व्यवहाराला लागूच होत नाही, एवढे म्हणणे पुरेसे आहे.

सामनेवाल्याला आयोगाची नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत निकाल द्यावा असे कायदा सांगतो. तो कालावधी कायद्याच्या पुस्तकात आहे. आयोगाच्या दालनात, रिक्त पदे आणि पुढे ढकललेल्या तारखा पाहता, तुम्ही वर्षांच्या हिशेबाने तयारी ठेवावी हे बरे. त्यातल्या त्यात दिलासा असा की लेखी जबाबासाठी सामनेवाल्याला ३० आणि वर फार तर १५ दिवस मिळतात, आणि ४५ दिवसांपलीकडे मुदत देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवून दिले आहे. पहिल्या तारखांनाच मध्यस्थीचा प्रस्ताव आला तर तो फेटाळू नका. तुमच्या कागदांची स्थिती पाहता मध्यस्थीतून मिळणारी वाजवी रक्कम निकालापेक्षा फार कमी नसेल.

किती मागावे, तर कोचीच्या दोन रात्री, विमानाची तिकिटे आणि न झालेल्या प्रवासाचा प्रमाणशीर हिस्सा. मुंबईतल्या दोन रात्री तुम्ही उपभोगल्या आहेत, जहाजावरच्या तिन्ही रात्रींचे जेवण घेतले आहे. संपूर्ण १,८६,००० आणि वर मानसिक त्रासाचे पाच लाख मागितल्याने मूळ मागणीही अतिशयोक्त वाटेल. त्रासापोटी माफक रक्कम मागा, ती देणे न देणे आयोगावर सोडा. तक्रारदार म्हणून चौघांचीही नावे घाला, कारण सेवा चौघांनी घेतली होती आणि भाऊ-वहिनींच्या वाट्याच्या रकमेवर उद्या आक्षेप नको.

क्रेडिटचा प्रस्ताव अजून खुला असेल तर तो वापरू नका, आणि गप्पही राहू नका. ‘प्रस्ताव पूर्ण व अंतिम तडजोड म्हणून मान्य नाही, उर्वरित मागणीचे सर्व हक्क राखून ठेवले आहेत’ असा ईमेल एजंटाला आणि त्याची प्रत जहाज कंपनीला याच आठवड्यात पाठवा, आणि ईमेलसोबत आतापर्यंत मिळालेल्या परताव्याचा हिशेब तारखांसह मागा.