कोरोनाने सरकारी दवाखाने सुधारले का? भांडारातून दिसलेलं

‘कोरोनात एवढा पैसा आला, मग सरकारी दवाखाने सुधारले का?’ असं तुम्ही विचारलंय. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या भांडारात माझी सगळी नोकरी झाली. नाव घेत नाही, पण तिथून दिसलं ते सांगतो.

२०२० च्या आधी ऑक्सिजन म्हणजे कोपऱ्यातले सिलिंडर. संपत आले की फोन करायचा, गाडी यायची. जम्बो सिलिंडरमध्ये साधारण ७,००० लिटर वायू बसतो. हाय फ्लो मशीन, म्हणजे नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं यंत्र, पूर्ण सोडलं तर मिनिटाला ६० लिटर ओढतं, म्हणजे एका पेशंटला एक जम्बो दोन तासही पुरत नाही. हा हिशोब आम्ही दुसऱ्या लाटेत रात्री जागून शिकलो. मग फळा लागला : दर तासाला शिल्लक किती, कुठल्या खाटेला किती फ्लो. सिस्टर फिरून सैल मास्क, गळके जोड, जेवताना तसाच सुरू राहिलेला ऑक्सिजन बघायच्या. माझ्या लेखी सगळ्यात मोठी सुधारणा हीच, आणि खर्च खडूचा!

द्रव ऑक्सिजनच्या टाक्या आणि पीएसए प्लांट, म्हणजे जागेवरच ऑक्सिजन बनवणारी यंत्रं, नंतर आली. द्रव ऑक्सिजनच्या एका लिटरचा सुमारे ८६० लिटर वायू होतो, त्यामुळे टाकी असली की दम राहतो. जुलै २०२१ मध्ये कोरोना सुरू असतानाच महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला. अशा वेळी टाकी भरायला येणारा, पण पुण्याकडे अडकलेला टँकर काय कामाचा? पीएसए हवेतूनच ऑक्सिजन काढतो खरा, पण त्याला वीज लागते, फिल्टर बदलावे लागतात आणि रोज बघणारा माणूस लागतो. आमचा माणूस कंत्राटी होता. लाट ओसरली, ऑर्डर संपली, तो गेला. प्लांट अधूनमधून चालवून बघायचा, हे कुणाच्याच ड्युटीत लिहिलेलं नव्हतं. महिनोन् महिने कुलूप. फळाही कुणीतरी पुसला, त्यावर आता लसीकरणाचे वार असतात.

खासगी दवाखान्यांचंही तसंच. मे २०२० मध्ये राज्य सरकारने ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले, बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले. त्यामागे १८९७ चा, प्लेगच्या वेळचा साथरोग कायदाही होता. आदेशाला मुदत होती. ती संपली.

माहिती अधिकारात अर्ज करणार असाल तर निधी किती आला हे सगळेच विचारतात. तुम्ही प्लांटचं लॉगबुक आणि ऑपरेटरच्या मंजूर पदाचा आदेश मागा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायला विसरू नका.