‘अश्वकावीळ’ म्हणावं का?

डिचोलीच्या एका ताईंनी विचारलंय: घोडे, गाढवं आणि झेब्रे यांच्यात सापडलेल्या ‘हेपॅटायटिससारख्या विषाणूं’वरचा लेख मी मराठीत आणतेय. त्यांना ‘अश्वकावीळ विषाणू’ म्हटलं तर चालेल का?

ताई, नको. शब्द कानाला गोड आहे, पण तो चुकीची गोष्ट सांगतो.

कावीळ म्हणजे डोळ्यांना दिसणारं पिवळेपण. लहानपणी ताप आला की आजी मला खिडकीपाशी न्यायची आणि खालची पापणी ओढून बघायची. बुबुळाभोवतीच्या पांढऱ्यात हळदीची झाक दिसली की ‘कामीण जाल्या’ म्हणायची आणि कुणाला तरी परसात भुईआवळा उपटायला धाडायची. तिच्या कोंकणीतली कामीण आणि आपली कावीळ, दोन्ही संस्कृत ‘कामला’कडे जातात. मराठीत म चा व झाला, जसा ग्राम-गाव, नाम-नाव यांत झाला. आजीच्या औषधातही तीच गंमत आहे: आमलकचा आवळा झाला आणि भूमीची भुई होताना म तर पार विरघळला. कोंकणीनं मात्र कामिणीत म जपून ठेवला.

आता घोड्याकडे या. त्याच्याही हिरड्या आणि डोळे पिवळे पडतात, पण त्याला दरवेळी यकृताचा आजारच असावा लागतो असं नाही. घोडा दोनेक दिवस चाऱ्याला तोंड लावेनासा झाला, तरी रक्तातलं पित्तरंजक द्रव्य वाढून तो पिवळा दिसू लागतो. उलट तुमच्या लेखातल्या विषाणूंपैकी घोड्यांतला, म्हणजे अश्व-हेपॅसिव्हायरस, अंगात असलेले बहुतेक घोडे धडधाकट दिसतात. म्हणजे विषाणू आहे तिथे बहुधा कावीळ नाही आणि कावीळ आहे तिथे विषाणू असेलच असं नाही.

हेपॅटायटिस म्हणजे यकृतदाह. ग्रीक ‘हेपार’ आणि संस्कृत ‘यकृत्’ हे मुळात एकाच घराण्यातले शब्द. (आपलं काळीजसुद्धा आधी यकृतच होतं. मटणवाल्याकडे काळीज मागितलं तर तो आजही तेच तोलून देतो, हृदय नाही.) म्हणून आजाराला ‘यकृतदाह’ खुशाल लिहा. विषाणूचं नाव मात्र आजारावरून ठेवलेलं नाही, नात्यावरून ठेवलंय. हेपॅसिव्हायरस म्हणजे ‘हेपॅटायटिस सी’चं आटवलेलं रूप. माणसातला हेपॅटायटिस सीचा विषाणू 1989 मध्ये ओळखला गेला. 2011 मध्ये त्याचा एक नातेवाईक कुत्र्यांत सापडल्याचं जाहीर झालं आणि 2012 मध्ये तो घोड्यांत मिळाला. आज माहीत असलेल्यांत माणसातल्या विषाणूला सर्वांत जवळचा हाच.

तुमच्या प्रश्नातला ‘सारख्या’ मला जास्त खटकतो. हेपॅटायटिस हा आजार, विषाणू हा जीवाणूहूनही बारीक कण, मग विषाणू आजारासारखा कसा असेल? शिवाय त्या एका शब्दात वेगवेगळ्या कुळांतली मंडळी कोंबली जातात. गाढवांत आणि झेब्र्यांत सापडलेला, 2021 मध्ये जाहीर झालेला विषाणू हेपॅटायटिस बीच्या भावकीतला आहे. आणि घोड्याचं यकृत खरोखर नासवणारा विषाणू तिसऱ्याच घरचा: पार्व्होव्हायरस. दक्षिण आफ्रिकेत शतकभरापूर्वी पशुवैद्य आर्नल्ड थायलर यांनी एक विचित्र गोष्ट नोंदवली होती: दुसऱ्या घोड्यांचं रक्तद्रव वापरून लस दिलेल्या घोड्यांपैकी काहीजण आठवड्यांनंतर यकृत निकामी होऊन दगावत. त्या थायलर रोगाशी जोडलेला हा पार्व्होव्हायरस 2018 मध्ये उजेडात आला, धनुर्वाताविरुद्धचं रक्तद्रव दिल्यानंतर मेलेल्या एका घोड्यामुळे. त्याचं हेपॅटायटिस सीशी काहीही नातं नाही.

आणखी एक काळजी. ‘घोड्यांची कावीळ’ असा मथळा वाचला की इथल्या माणसाला पहिल्यांदा दूषित पाणी आठवणार, आपल्या गावात आलेली साथ आठवणार. घोड्यांपासून माणसाला या विषाणूंची लागण झाल्याचं आढळलेलं नाही, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा.

सुरुवात मी अशी करीन: ‘घोडे, गाढवं आणि झेब्रे यांच्यात माणसाच्या हेपॅटायटिस बी आणि सी विषाणूंचे भाऊबंद सापडले आहेत. घोड्यातल्या भाऊबंदाला अश्व-हेपॅसिव्हायरस म्हणतात.’ ‘भाऊबंद’ वर्तमानपत्री वाटला तर ‘जवळचे नातेवाईक’ चालेल, पण ‘सदृश’ नको.