गिटार : आधी तार बदलली, मग लाकूड

वाद्यं दुरुस्त करणं हा माझा धंदा. त्यामुळे गिटारच्या इतिहासाविषयी कुणी विचारलं की मी थोर वादकांच्या नावांपासून सुरुवात करत नाही. तेव्हा तारा कशाच्या होत्या, ते आधी बघते. या वेळी प्रश्न बरेच आलेत. काहींना दोनच ओळींत उत्तर दिलंय, कारण त्यांना तेवढं पुरतं.

प्रश्न : ‘गीत’ आणि ‘तार’ मिळून ‘गिटार’ झालं आणि सतार ही गिटारची आई, असा एक मेसेज फिरतोय. यात तथ्य आहे का?

नाही. ऐकायला छान वाटतं, एवढंच. ‘सतार’मधला तार खराखुरा आहे : फारसी ‘सेह-तार’, म्हणजे तीन तारा. गिटारमधला तार मात्र योगायोगाचा. ग्रीक ‘किथारा’चं अरबीत ‘कीतारा’ झालं आणि स्पॅनिशमध्ये ‘गितार्रा’.

पण एवढं सांगितलं की लोक लगेच दुसऱ्या टोकाला जातात : म्हणजे गिटार ग्रीकांची! तेही नाही. किथाराला मानच नव्हती. खाली लाकडी पेटी, तिच्यातून वर निघालेले दोन बाहू, बाहूंवर आडवी दांडी आणि त्या दांडीपासून खाली ताणलेल्या तारा. पडद्यावर बोट दाबून एकाच तारेतून अनेक स्वर काढायची सोय तिथे नाही. नाव प्रवासाला निघालं, वाद्य घरीच राहिलं. आपल्या ‘वीणा’ शब्दाचंही असंच झालंय. समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजाच्या मांडीवर जी वीणा दिसते ती धनुष्यासारखी वाकलेली आहे. रुद्रवीणा सरळ दांडीची. नाव तेच, वाद्याची जात वेगळी.

प्रश्न : मग अरबांच्या ऊदपासून गिटार तयार झाली, हे तरी बरोबर का?

अर्धवट बरोबर. इ.स. ७११ मध्ये मूर, म्हणजे उत्तर आफ्रिकेतले मुसलमान, स्पेनमध्ये उतरले, पुढच्या काळात ऊद तिथे रुळलं, आणि त्यापासून युरोपातलं ल्यूट झालं. ‘अल-ऊद’ म्हणजे लाकूड. ल्यूट हे त्याचंच झिजलेलं रूप. पण ऊद आणि ल्यूट पाठीमागून बघा : पातळ पट्ट्या जोडून केलेला, अर्ध्या नासपतीसारखा फुगीर कटोरा. गिटारची पाठ सपाट किंवा किंचित फुगीर, बाजूच्या पट्ट्या वेगळ्या, आणि कंबर आत घेतलेली. बांधायची रीतच निराळी.

तेराव्या शतकात राजा दहावा अल्फोन्सो याच्या दरबारात तयार झालेल्या गीतांच्या हस्तलिखितांत वादकांची सुंदर चित्रं आहेत, त्यांत दोन्ही प्रकारची वाद्यं शेजारीशेजारी दिसतात. चौदाव्या शतकातल्या एका स्पॅनिश काव्यात तर ‘गितार्रा मोरिस्का’ आणि ‘गितार्रा लातिना’ अशी दोन नावंच येतात. मूरांची एक आणि लॅटिनांची एक. सरळ वंशावळ काढायची हौस असलेल्यांची इथे पंचाईत होते.

पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या स्पेनमध्ये गिटारसारख्या देहाचं आणि ल्यूटसारख्या स्वरांत तारा लावलेलं ‘विउएला’ हे वाद्य दरबारी मानाचं होतं. लुईस मिलान याचं विउएलावरचं पुस्तक १५३६ साली वालेन्सियात छापलं गेलं. त्याची गंमत अशी, की त्यातल्या टॅबलेचरमध्ये (म्हणजे कोणती तार कुठे दाबायची ते रेघांवर दाखवणाऱ्या लिपीत, आजच्या भाषेत टॅब) सर्वांत वरची रेघ ही सर्वांत उंच स्वराची तार आहे, अगदी आजच्या टॅबप्रमाणे. त्याच्यानंतरच्या स्पॅनिश विउएलाकारांनी मात्र उलटा क्रम ठेवला. गिटार तेव्हा चार जोड तारांची, छोटी, साध्या गाण्यांच्या साथीची. तिच्यासाठी छापलेलं पहिलं संगीत मिळतं ते अलोन्सो मुदारा याच्या १५४६ च्या पुस्तकात, आणि तेही बहुतांश विउएलाच्या पुस्तकात मोजक्या रचना एवढंच. धाकट्या भावंडाला कोपऱ्यात दिलेली जागा. पुढे विउएला लयाला गेलं आणि धाकटी टिकली.

प्रश्न : सतराव्या शतकातल्या चित्रांत गिटारला नऊ-दहा खुंट्या दिसतात. मग आजच्या सहा कशा झाल्या? कमी का केल्या?

या वेळचा माझा सर्वांत आवडता प्रश्न.

त्या गिटारला तारा होत्या पाच ‘जोड्या’. बहुतेकदा सर्वांत उंच स्वराची तार एकटी असे, म्हणून कधी नऊ खुंट्या, कधी दहा. एका जोडीतल्या दोन्ही तारा एकाच बोटाने दाबायच्या. एवढा खटाटोप कशासाठी? तारा तातीच्या होत्या म्हणून. तात म्हणजे जनावराचं आतडं पिळून, वाळवून केलेली दोरी. तार खर्जात लावायची तर ती लांब हवी, ढिली हवी किंवा जड हवी. लांबी हाताच्या आवाक्याने ठरते. ढिली केली तर पडद्यावर फडफडते. राहिलं वजन. पण जाडजूड तात ताठ होते, नीट कंप पावत नाही आणि ‘धप्प’ असा बसका आवाज देते. एकदा एका जुन्या वाद्याच्या नकलेवर मी अशी तात चढवली होती. छेडल्यावर स्वरापेक्षा बोटाचाच आवाज जास्त आला. म्हणून खर्जाच्या जाड तातीशेजारी एक सप्तक वर लावलेली बारीक तात बसवत. बारकी चमक देई, जाडी वजन.

काहींनी तर खर्ज सोडूनच दिला. गास्पार सान्स याने १६७४ साली सारागोसात गिटारशिक्षणाचं पुस्तक काढलं. नुसत्या झणकाऱ्यासाठी, म्हणजे आपल्या भाषेत स्ट्रमिंगसाठी, जाड तारा चालतील. नाजूक काम करायचं असेल तर चौथी-पाचवी जोडीही बारीक तारांचीच लावा, असा त्याचा सल्ला. अशी गिटार खाली उतरतच नाही. स्वर एका तारेवरून दुसरीवर उड्या मारत, लहान घंटांसारखे एकमेकांत मिसळत जातात. आजच्या सहा तारांवर सान्सच्या रचना वाजवताना हा मजा निम्मा हरवतो, असं माझं मत.

मग सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तातीवर किंवा रेशमावर बारीक धातूची तार गुंडाळायची युक्ती आली. वजन वाढलं, पण ताठपणा वाढला नाही. एकटी तार खणखणीत खर्ज देऊ लागली, तेव्हा जोडीदारणीचं काम संपलं. गिटारवाल्यांनी घाई केली नाही. त्यांना शंभर वर्षं लागली. स्पेनमध्ये मधल्या काळात सहा जोड्यांच्या, बारा खुंट्यांच्या गिटारीही होत्या. पण १८०० च्या आसपास सहा एकट्या तारा ठरून गेल्या. फेर्नांदो सोर, माउरो जुलियानी, दियोनिसिओ आग्वादो ही सगळी गिटारवादक-रचनाकार मंडळी त्याच सुमारास पुढे येतात. दोन-तीन सुरावटी स्वच्छ वेगळ्या ऐकू येणारं त्यांचं संगीत जोड तारांवर तसं उमटलं नसतं.

प्रश्न : व्हायोलिनवाल्या स्त्रादिव्हारीने गिटारही केल्या होत्या का?

हो. १६७९ ची ‘साबिओनारी’ क्रेमोनात आहे, १६८८ ची एक ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात. साबिओनारीची कुणीतरी मधे सहा तारांची गिटार करून टाकली होती. दुरुस्तीकारांनी ती परत पाच जोड्यांवर आणली. वरच्या उत्तराचा लाकडी पुरावाच म्हणा.

प्रश्न : आंतोनियो दे तोर्रेसला आधुनिक गिटारचा जनक का म्हणतात?

‘जनक’ हा शब्द मला फारसा पटत नाही, पण माणूस खरंच मोठा. १८१७ साली आल्मेरियाजवळ जन्मलेला हा सुतार. वरच्या फळीखाली, सतारवाले जिला तबली म्हणतात तिच्याखाली, पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्या लावणं हे त्याच्या नावावर खपतं. पण कादिसचे कारागीर त्याच्याही आधी तसं करत होते. तोर्रेसने सगळ्या गोष्टींचं माप जुळवलं. देह मोठा केला, तबली पातळ आणि किंचित फुगीर केली, खाली सात पट्ट्यांचा पंखा बसवला, तारेची लांबी ६५० मिलिमीटरच्या आसपास नेली. आज दुकानातली शास्त्रीय गिटार मोजा, हाच आकडा मिळेल.

१८६२ साली त्याने एक गिटार केली, तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याची आहे. फक्त तबली चांगल्या लाकडाची. आवाज तबलीतून येतो, बाकीचं आधाराला, हे त्याला दाखवायचं होतं. ती बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे. ‘मागचं लाकूड कोणतं आहे?’ असं विचारत पैसे मोजणाऱ्या प्रत्येकाला मी ही गोष्ट ऐकवते.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या नायलॉन तारांच्या गिटारला आवाज मोठा यावा म्हणून स्टीलच्या तारा लावल्या. दोन महिन्यांत घोडी मागून उचलली गेलीय. गिटारच कच्ची होती का?

गिटारची काही चूक नाही. आधी तारा सैल करा, आजच. मग पोस्टकार्डाचा कोपरा घोडीच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. सहज आत गेला तर सांधा सुटलाय. आता गिटार डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरा : घोडीच्या मागे तबली फुगलेली आणि पुढे, भोकाच्या बाजूला, बसलेली दिसेल.

कारण सोपं आहे. सतारीची घोडी तबलीवर नुसती उभी असते; तारा तिच्यावरून पुढे जाऊन टोकाला बांधलेल्या असतात. शास्त्रीय गिटारच्या तारा घोडीलाच बांधतात आणि घोडी तबलीला चिकटवलेली असते. म्हणजे सगळा ओढा एका गोंदाच्या सांध्यावर. नायलॉनच्या संचाचा ओढा मिळून साधारण ३५ ते ४० किलो. स्टीलच्या हलक्या संचाचाही ७० किलोच्या पुढे. शिकाऊ असताना मीही एकदा हेच केलं होतं, आणि माझी घोडी तर रात्री फटाका फुटावा तशी उडाली.

हा फरक पचवायला गिटारला दुसरा देह घ्यावा लागला. सी. एफ. मार्टिन हा जर्मन कारागीर १८३३ साली न्यूयॉर्कला गेला आणि काही वर्षांनी पेन्सिल्व्हेनियात स्थिरावला. त्याच्या कारखान्यात १८४० च्या दशकापासून तबलीखाली फुलीच्या आकाराच्या पट्ट्या येऊ लागल्या. त्याही तातीच्याच गिटारींसाठी! पुढे तीच फुली स्टीलचा ताण झेलायला कामी आली, हे नशीब. १९१५ च्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रदर्शनानंतर अमेरिकेत हवाईयन संगीताचं वेड पसरलं. ते स्टीलच्या तारांवर वाजे, म्हणून गिऱ्हाइकं तशा गिटारी मागू लागली. मार्टिनचं मुळातच स्टीलसाठी केलेलं नियमित मॉडेल १९२२ सालचं. मान वाकू नये म्हणून तिच्यात लोखंडी सळई घालायचं पेटंट गिब्सन कंपनीने १९२३ मध्ये घेतलं.

आणि तुमच्या वडिलांच्या गिटारवरचं नायलॉनही काही प्राचीन नाही बरं. दुसऱ्या महायुद्धात तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी जाऊ लागली, गिटारला मिळेना. न्यूयॉर्कच्या आल्बर्ट ऑगस्टीनने विख्यात स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोवियाच्या साथीने नायलॉनच्या तारा आणल्या, त्या १९४० च्या दशकाच्या शेवटाला.

घोडी काढून, जुना गोंद खरवडून नीट बसवून घ्या. फटीत झटपट चिकटणारा गोंद ओतू नका. मग माझ्यासारखीचे दोन दिवस तो काढण्यातच जातात.

प्रश्न : इलेक्ट्रिक गिटारचा शोध लेस पॉलने लावला की लिओ फेंडरने?

दोघांनीही नाही. जॉर्ज बोशां आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांचं ‘फ्राइंग पॅन’ १९३१ मध्ये तयार झालं आणि १९३२ पासून विकलं गेलं. गोल ॲल्युमिनियमचा देह आणि लांब मान, तव्यासारखंच दिसतं. मांडीवर आडवं ठेवून हवाईयन पद्धतीने वाजवायचं. लोहचुंबकाजवळ पोलादी तार हलली की तारेच्या गुंडाळीत वीज उमटते. या चुंबक-गुंडाळीलाच पिकअप म्हणतात. तात किंवा नायलॉन समोर हलवा, पिकअपला पत्ताच लागणार नाही. म्हणजे स्टीलची तार आधी रूढ झाली नसती, तर ही वाटच सापडली नसती.

गिटारवादक लेस पॉलने १९४० च्या सुमारास चार इंची चौकोनी ठोकळ्यावर तारा चढवून दोन्ही बाजूंना गिटारचे अर्धे अर्धे देह जोडले, कारण पोकळ गिटार ॲम्प्लिफायरजवळ शिट्ट्या मारते. फेंडर रेडिओ दुरुस्त करणारा, स्वतः गिटार न वाजवणारा. १९५० मध्ये त्याने भरीव देहाची, स्क्रूने मान जोडलेली गिटार बाजारात आणली. तिचं ‘ब्रॉडकास्टर’ हे नाव एका ड्रम कंपनीच्या नावाशी टक्कर झाल्याने बदलून ‘टेलिकास्टर’ करावं लागलं. मान बिघडली तर चार स्क्रू काढा, दुसरी लावा. दुरुस्तीवाल्याचं डोकं!

प्रश्न : सगळ्या तारांमधलं अंतर सारखं, मग जी आणि बी या दोनच तारांमध्ये वेगळं का? आणि युकुलेले ही मुलांची खेळण्यातली गिटार का?

दोन वेगळ्या वाचकांचे हे प्रश्न मी मुद्दाम एकत्र घेतलेत.

प्रत्येक तारेला सा मानून पुढची कोणता स्वर देते ते खर्जाकडून वर मोजा : सा-म, सा-म, सा-म, मग सा-ग, आणि पुन्हा सा-म. सगळीकडे सा-म ठेवलं असतं तर दोन्ही टोकांच्या तारा ई आणि एफ झाल्या असत्या, आणि सहाही तारांवर एकदम कॉर्ड धरताना बोटांचे हाल. मधे एक गंधार घेतला की दोन्ही टोकांना ई येतो. पण ही सोय सहा तारांसाठी कुणी शोधलेली नाही. सोळाव्या शतकातल्या चार जोड्यांच्या गिटारमध्ये अंतरं हीच होती : सा-म, सा-ग, सा-म. पाचवी आणि सहावी तार नंतर खालच्या बाजूला जोडली गेली, त्यामुळे मधला गंधार बाजूला सरकल्यासारखा दिसतो.

युकुलेलेची मुळं माडेरा या पोर्तुगीज बेटाच्या छोट्या चार तारांच्या वाद्यात आहेत. १८७९ मध्ये ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून होनोलुलूला उतरलेल्या स्थलांतरितांबरोबर ते हवाईत आलं. त्याच्या चार तारांची अंतरं? सा-म, सा-ग, सा-म. शिवाय तिची चौथी तार खर्जात न जाता वरच्या सप्तकात लावतात, सान्सला आवडलं असतं तशी. खेळणं कसलं, जुन्या गिटारची ही जवळची नातेवाईक आहे. घरी गिटार असेल तर पाचव्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा आणि वरच्या दोन जाड तारा सोडून फक्त बारीक चारच छेडा : जी, सी, ई, ए. युकुलेलेच्या तारांचे स्वर हेच.