दाल मिल टाकतो म्हणतोस?

गड्या, कर्ज काढायच्या आधी कोणाच्या तरी मिलवर एक हंगाम राब. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची मिनी दाल मिल मी आणली, तेव्हा पहिल्याच खेपेला निम्मी तूर चुरी झाली. तेल-पाणी लावून वाळवायची घाई केली होती ना! बायकोनं ती चुरी वर्षभर वरणात घातली.

पीएमईजीपीत, म्हणजे नव्या धंद्याच्या कर्जावर अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या योजनेत, गावाकडं खुल्या प्रवर्गाला 25 टक्के, महिला, ओबीसी, एससी-एसटींना 35 टक्के अनुदान आहे. पण ते हातात पडत नाही बाप्पा, 3 वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं. त्यामुळं तूर घ्यायला वेगळे पैसे ठेव.

हंगाम सरला की त्याच शेडमध्ये हळद-मिरची दळ. चक्की मात्र वेगळी घे, नाहीतर डाळ तिखट लागते.