४० अंशांची सवय असलेल्या पुणेकराला टोकियोचा उन्हाळा जड का जातो?

तुमचा प्रश्न असा आहे, की पुण्यात एप्रिल-मेमध्ये ४० अंशांत सहज वावरणाऱ्या माणसाने टोकियोच्या ३३-३४ अंशांची धास्ती का घ्यावी, आणि जुलैत नोकरीसाठी येताना तयारी काय करावी. मी टोकियोत निशी-कासाईला राहते. इथे आपली मंडळी बरीच आहेत. पहिल्या उन्हाळ्यात मुंबई-रत्नागिरीकडच्यांपेक्षा पुण्या-नाशिकची माणसं जास्त हैराण होतात, हे मी नेहमी बघते.

पुण्याचं ऊन कोरडं असतं. घाम आला की वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. माठातलं पाणी गार होतं तेही याच कारणाने. जपानात उन्हाळ्यात पॅसिफिककडून दमट हवा येते, त्यामुळे घाम वाळतच नाही, नुसता निथळत राहतो. म्हणून इथलं सरकार उष्माघाताचा इशारा देताना निव्वळ पाऱ्यावर जात नाही. त्यासाठी वेगळा निर्देशांक आहे. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हाची धग मोजणाऱ्या काळ्या गोळ्याला २० आणि हवेच्या साध्या तापमानाला जेमतेम १०. हा निर्देशांक ३३ किंवा वर जाईल असा अंदाज असला की इशारा निघतो. फोनवर हवामानाचं अ‍ॅप घ्या आणि इशाऱ्याच्या दिवशी दुपारची बाहेरची कामं सरळ पुढे ढकला.

दिवसापेक्षा रात्री वाईट. पुण्यात मे महिन्यातही पहाटे जरा गारवा येतो; इथे ऑगस्टमध्ये बऱ्याच रात्री पारा २५च्या खाली उतरत नाही. आपल्याकडे रात्री एसी बंद करून खिडकी उघडायची सवय असते. कृपा करून इथे तसं करू नका. टोकियोत उष्माघाताने जाणाऱ्यांत घरातच, एसी न लावता राहिलेले वृद्ध बरेच असतात, आणि दर उन्हाळ्यात त्या बातम्या वाचताना जीव तुटतो. बिलाची चिंता असेल तर एसी सारखा बंद-चालू करू नका, कारण खोली थंड करताना सुरुवातीलाच तो सर्वांत जास्त वीज ओढतो. २००५पासून इथे ऑफिसात २८ अंश पाळायची मोहीम आहे. ते २८ खोलीचं तापमान असतं, रिमोटवरचा आकडा नव्हे. शंभर येनच्या दुकानात तापमान-आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर मिळतो तो भिंतीवर लावा आणि त्याच्याकडे बघून रिमोट चालवा.

रिमोट सगळा जपानीत असतो. ‘रेइबो’ म्हणजे थंड करणं, ‘जोशित्सु’ किंवा ‘दोराइ’ म्हणजे हवेतली ओल काढणं, ‘दान्बो’ म्हणजे हीटर. पहिल्याच दिवशी कुणाकडून तरी वाचून घेऊन बटणांवर मराठीत चिठ्ठ्या चिकटवा. जून-जुलैच्या पावसाळ्यात तापमान २५-२६च असतं पण भिंती ओलसर लागतात, तेव्हा जोशित्सु पुरतं. ऑगस्टमध्ये रेइबोच लागतं.

बुरशीबद्दल सहसा कुणी आधी सांगत नाही. लाकडी जमिनीवर फुतोन, म्हणजे इथली गादी, अंथरून झोपलात तर सकाळी तो उचलाच. रात्रभराचा घाम खाली झिरपतो आणि थोड्याच दिवसांत गादीच्या पाठीवर काळे ठिपके दिसतात. खाली घालायला लाकडी पट्ट्यांची जाळी मिळते, ती घ्या. कपाटात ओल शोषणारे डबे ठेवा. आत पांढरे दाणे असतात, ते विरघळत जातात आणि डब्यात पाणी साठतं. पावसाळ्यात डबा किती लवकर भरतो ते बघितलं की हवेत केवढी ओल आहे ते कळतं. आणि बेसन, रवा, कणीक उघडी पाकिटं बाहेर ठेवू नका. त्यात माइट नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे होतात, आणि त्या पिठाचं खाऊन काहींना जोरदार अ‍ॅलर्जी येते. घट्ट डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवा.

प्यायला इथे घरोघरी मुगिचा असतो, भाजलेल्या जवाचा गार चहा. त्यात कॅफीन नसतं, त्यामुळे मुलांनाही चालतो. पुड्या रात्री पाण्यात टाकून जग फ्रिजमध्ये ठेवला की झालं. घामाबरोबर मीठ जातं म्हणून लोक उमेबोशी, म्हणजे खारवलेलं आंबट फळ, किंवा मिठाच्या गोळ्या जवळ ठेवतात. तुम्ही येताना आमसुलं आणा, मीठ घालून केलेलं कोकमाचं सरबत इथे फार उपयोगी पडतं. छत्री उन्हातही उघडा, आता पुरुषही सर्रास वापरतात. बॅगेत छोटा टॉवेल असू द्या. लोकलमध्ये एसीने गारठत असाल तर कमी गार केलेला डबा असतो, दारावर तसं लिहिलेलं असतं.

गरगरतंय, मळमळतंय, पण माणूस शुद्धीत आहे आणि स्वतःच्या हाताने पाणी पितोय, तर सावलीत नेऊन मान, काखा आणि जांघा गार करा. दवाखान्यात जावं का हे ठरत नसेल तर टोकियोत #७११९ वर चोवीस तास विचारता येतं. बोलणं असंबद्ध वाटलं किंवा पाणी गिळता येत नसेल तर विचार करत बसू नका, रुग्णवाहिकेसाठी थेट ११९ लावा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी मारून वारा घालत राहा.