शेक संपल्यावर

बाळा,

काल फोनवर तू विचारलंस, ‘काकू, रिपोर्ट क्लिअर आलाय, मग बाबा जेवायला का घाबरतात?’ फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

कॅन्सर गेला की नाही हे बघणारे डॉक्टर वेगळे आणि तोंडा-मानेला दिलेल्या शेकाने, म्हणजे रेडिएशनने, मागे काय ठेवलं हे बघणारी माणसं वेगळी. ओपीडीच्या गर्दीत गाठ नाही ना, एवढंच बघून होतं. तिथे ‘गिळायला त्रास होतो’ म्हटलंस तर ‘होईल हळूहळू’ म्हणतील. काही गोष्टी होतातही. तोंड आलेलं बरं होतं, चव बऱ्यापैकी परत येते. पण लाळ आटते ती बरेचदा आटलेलीच राहते आणि जबड्याचे, गळ्याचे स्नायू वर्षा-दोन वर्षांनीही आखडत जातात. म्हणून सरळ नाव घेऊन माग: ‘गिळण्याचं बघणाऱ्या स्पीच थेरपिस्टसाठी चिठ्ठी द्या.’

पाणी पिताना बाबांना ठसका लागतो आणि जेवल्यावर आवाज घोगरा, ओला येतो म्हणालास. हे अंगावर काढू नकोस. घास श्वासनलिकेत उतरत असू शकतो. शेकाने गळ्याची जाणीव बोथट झाली की कधी कधी ठसकासुद्धा लागत नाही, एकदम न्यूमोनियाच होतो. बेरियम पाजून गिळतानाचा चालता एक्स-रे काढतात, त्यात घास कुठे जातो ते दिसतं. मग मान कशी ठेवायची, पातळ द्यायचं की घट्ट, हे थेरपिस्ट ठरवतात. तोवर बाबांना ताठ बसवूनच भरव. आणि ताप आला किंवा धाप लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठ.

आता दातांचं. इथे माझा हात जरा थरथरतो.

तुझ्या काकांना जिभेच्या ऑपरेशननंतर शेकाचे ३० सिटिंग झाले होते, एकूण ६० ग्रे (शेक किती दिला ते ग्रेमध्ये मोजतात). दोन वर्षांनी खालची दाढ ठणकायला लागली. तालुक्याच्या दवाखान्यात गेलो आणि त्यांनी दहा मिनिटांत ती उपटली. त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. जखम भरेचना. दोन महिन्यांनी टॉर्च लावून बघितलं तर हिरडीत पिवळट पांढरं काहीतरी, बोटाला खडा लागावा तसं. ते हाड होतं. शेकाने जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी होतो, मग दात काढलेली जागा भरत नाही, हाड मरत जातं. पुढचं दीड वर्ष त्यात गेलं. तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

म्हणून शेकाचा कागद, कुठे दिला, किती ग्रे, किती सिटिंग, हे बाबांच्या पाकिटात कायम असू दे. दात दुखला तर आधी तो कागद पुढे कर, मगच तोंड उघडायला सांग. दात काढायचाच झाला तर शेक देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. लाळ नसल्याने दात हिरडीपाशी किडतात, तेव्हा रोज लावायचं फ्लोराइड लिहून घे. तुम्हाला छत्रपती संभाजीनगर जवळ. शासकीय कर्करोग रुग्णालय आणि शासकीय दंत महाविद्यालय दोन्ही तिथेच आहेत, एका खेपेत दोन्हीकडे दाखवून होईल. मुंबईला टाटाला जायची वेळ आली तर हे सगळे प्रश्न आधी वहीत लिहून ने. तिथे पोचल्यावर माणूस भांबावतो.

मानेला शेक बसलाय, तर थायरॉइडची टीएसएच तपासणी सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा कर. काका दिवसभर झोपून असायचे, आम्ही म्हणायचो मन खचलंय. थायरॉइड निघालं, गोळीने माणूस उठून बसला.

तोंड उघडण्याचा व्यायाम थेरपिस्टकडूनच शिकून घे. आम्ही आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायचो, मोजून. अकरावरून बारावर जायला तीन आठवडे लागले होते. बारावी काडी बसली तेव्हा काकांनी मला हाक मारून स्वयंपाकघरातून बोलावलं होतं.

आज रात्री बाबांना त्यांचीच बोटं उभी करून दातांमध्ये घालायला सांग. तीन जायला हवीत. किती गेली ते मला कळव.

तुझी,
काकू