गेलेल्या मॅनेजरांचा हिशेब

या महिन्यात फुटबॉलवर आलेली बहुतेक पत्रं एकाच सुरातली आहेत : आमच्या क्लबचा कुठला जुना मॅनेजर बरा होता आणि कुठल्यानं वाटोळं केलं. सोलापूरच्या पत्रांत इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेडवाल्यांचा भरणा आहे, त्याखालोखाल आर्सेनलवाले. उत्तरं देताना आम्ही एकच कसोटी धरली आहे. कचेरीत चार्ज घेताना आणि देताना यादी करतात, तशी यादी करायची : माणूस आला तेव्हा काय ताब्यात मिळालं आणि गेला तेव्हा काय ठेवून गेला. शेवटच्या पराभवाच्या रात्री टीव्हीवर काय दिसलं, ते या यादीत येत नाही.

प्रश्न : युनायटेडनं मॉयेसला सहा वर्षांचा करार दिला आणि दहा महिन्यांच्या आत काढलं. आधीच्या फर्ग्युसननंतर कुणीही आला असता तरी हेच झालं असतं, असं मी म्हणतो. मित्र म्हणतात, लीग जिंकलेला संघ आयता मिळूनही त्यानं घालवला. कोण बरोबर? (विजापूर रोड)

उत्तर : निम्मं तुमचं बरोबर, निम्मं मित्रांचं. आधी ताब्यात काय मिळालं ते बघा. २०१२-१३ ची इंग्लिश प्रीमियर लीग युनायटेडनं ८९ गुणांनी जिंकली, दुसऱ्या क्रमांकावरची मँचेस्टर सिटी ११ गुण मागे. कागदावर झकास. पण ऑगस्ट २०१३ मध्ये फर्डिनांड ३४ वर्षांचा होता, एव्हरा आणि कॅरिक ३२, विडिच ३१, गिग्ज ३९. स्कोल्स निवृत्त झालेला. आदल्या हंगामात लीगमध्ये २६ गोल करणारा व्हॅन पर्सी तिशीला टेकलेला. त्याच उन्हाळ्यात क्लबचा कारभार सांभाळणारे डेव्हिड गिलही गेले, म्हणजे खेळाडू विकत घेणारा हातही नवखा. इथपर्यंत तुमचं म्हणणं खरं.

आता मित्रांची बाजू. मीलनस्टीन आणि फेलन ही सरावाची घडी बसवलेली माणसं राहिली नाहीत; मॉयेसनं एव्हर्टनचे आपले सहकारी आणले. खेळाडू तेच, वरचं सगळं नवं. फेलायनीला करारातल्या ठरलेल्या रकमेत घेण्याची मुदत जुलैअखेर हुकली आणि शेवटच्या दिवशी २.७५ कोटी पौंड, म्हणजे जास्तच, मोजावे लागले. आणि खेळ? फेब्रुवारी २०१४ मधली फुलमविरुद्धची मॅच मिळाली तर पुन्हा बघा. तळाचा संघ, घरचं मैदान, युनायटेडचे ८० हून जास्त क्रॉस, निकाल २-२. बाजूनं उंच चेंडू टाकत राहिलं की गोलसमोरच्या बॉक्समध्ये ठाण मांडून बसलेल्या सेंटर-बॅकला (मधल्या बचावपटूला) फक्त डोकं लावायचं काम उरतं. दहा-वीस क्रॉसनंतर त्याला चेंडू कुठून येणार तेही पाठ होतं. त्या दिवशी फुलमचा प्रशिक्षक होता मीलनस्टीन! मॉयेसच्या कारकिर्दीचा याहून चांगला सारांश शोधून सापडणार नाही.

काढलं तेव्हा ३४ मॅचमध्ये ५७ गुण होते. म्हातारा संघ ही सबब सातव्या क्रमांकाला पुरते, घरच्या मैदानावर लिव्हरपूल आणि सिटी दोघांकडून ०-३ हरण्याला पुरत नाही.

प्रश्न : मग मॉयेस, व्हॅन गाल, मोरिन्यो, सोल्शार, टेन हाग यांची खरी क्रमवारी कशी लावायची? आमच्या इथे रोज वेगळी लागते. (जुळे सोलापूर)

उत्तर : लागणारच, कारण प्रत्येक जण वेगळा आकडा धरतो. फक्त लीगच्या मॅच घ्या. कपमध्ये एकाला चौथ्या विभागातला संघ मिळतो, दुसऱ्याला बार्सिलोना, त्यामुळे विजयांची टक्केवारी फसवी निघते. विजयाला ३, बरोबरीला १ असे गुण मोजा आणि मॅचच्या संख्येनं भागा. हंगाम अर्धवट सोडलेल्यांचे आकडे जाण्याच्या दिवसापर्यंतचेच धरा. सोल्शारनंतरचा रांगनिक मुळातच काही महिन्यांचा पाहुणा होता, त्याला वगळा.

मोरिन्यो : ६९, ८१ आणि शेवटच्या १७ मॅचमध्ये २६, म्हणजे ९३ मॅचमध्ये १७६ गुण, सरासरी १.८९. सोल्शार : १०९ मॅचमध्ये १९७, सरासरी १.८१. व्हॅन गाल : ७६ मॅचमध्ये १३६, म्हणजे १.७९. टेन हाग : ८५ मॅचमध्ये १४६, म्हणजे १.७२. मॉयेस : १.६८.

आता याला ३८ नं गुणा. सोल्शार आणि व्हॅन गाल यांच्यात वर्षाला एका गुणाचाही फरक नाही. सगळ्यात वरचा मोरिन्यो आणि सगळ्यात खालचा मॉयेस यांच्यात साधारण ८ गुण. पण फर्ग्युसनचा शेवटचा हंगाम २.३४ चा आहे. त्याच्यात आणि मोरिन्योत १७ गुणांची दरी. पाच वेगवेगळ्या स्वभावांची, पाच वेगवेगळ्या पद्धतींची माणसं आली आणि जवळजवळ एकाच पायरीवर थांबली. तेव्हा रोजचं भांडण ज्या पाच नावांवर चालतं, त्यांच्यापेक्षा त्यांना निवडणाऱ्यांवर आणि खेळाडू खरेदीवर ते जास्त शोभेल.

चषक मोजले तर क्रम बदलतो. मोरिन्योला २०१७ मध्ये लीग कप आणि युरोपा लीग, टेन हागला २०२३ चा लीग कप आणि २०२४ चा एफए कप, व्हॅन गालला २०१६ चा एफए कप (आणि दोन दिवसांत नारळ), सोल्शारला काहीच नाही. सोल्शारला आवडीनं पहिला नंबर देणाऱ्यांनी हे एकदा पाहून घ्यावं.

मोरिन्योच्या ८१ गुणांबद्दलही जरा सबुरीनं. २०१७-१८ मध्ये संघानं ३८ मॅचमध्ये २८ गोल खाल्ले, आणि ते इतके कमी राहण्यात मोठा वाटा गोलकीपर डे हेआच्या हातांचा होता. पुढच्या हंगामात तो साधारण कीपरसारखा खेळू लागला तसे १७ मॅचमध्येच २९ गोल झाले. बचाव एका रात्रीत बिघडला नव्हता. आधीपासून झाकला जात होता. म्हणून खाल्लेले गोल मोजताना प्रतिस्पर्ध्याला संधी किती आणि कसल्या मिळाल्या, तेही बघा. ‘अपेक्षित गोल’ हा आकडा त्यासाठीच असतो : प्रत्येक फटक्याला, तो जिथून आणि जसा मारला त्यावरून, गोल होण्याची शक्यता ० ते १ मध्ये दिली जाते. पेनल्टी पाऊणच्या किंचित वर, तीस यार्डांवरून मारलेला फटका जेमतेम शून्याच्या वर.

प्रश्न : हंगामी मॅनेजर आला की संघ लगेच जिंकायला लागतो. सोल्शारचंही तसंच झालं. आधीचा माणूस नालायक होता, याचा हा पुरावा नव्हे काय? (भवानी पेठ)

उत्तर : नव्हे. मॅनेजर काढला जातो तो सगळ्यात वाईट टप्प्यावर. त्यात वाईट खेळ असतो तसं वाईट नशीबही असतं, आणि नशीब नवा माणूस न आणताही सुधारतं. शिवाय वेळापत्रक बघा : सोल्शारच्या पहिल्या चार लीग मॅच कार्डिफ, हडर्सफील्ड, बोर्नमथ आणि न्यूकॅसलशी होत्या. बाकावर बसवलेले खेळाडू परत आले, ही गोष्ट खरी, पण तिचा जोर काही आठवडेच टिकतो. पहिल्या १९ मॅचमध्ये १४ विजय मिळाले, मार्चअखेर कायमची नेमणूक झाली, आणि हंगामातल्या उरलेल्या १० मॅचमध्ये फक्त २.

खरी तुलना हवी असेल तर त्याच प्रतिस्पर्ध्यांशी, त्याच मैदानांवर आधीच्यानं किती गुण घेतले होते ते शेजारी मांडा. लीगमध्ये निदान १९ मॅच होईपर्यंत मत देऊ नका. तोवर प्रत्येकाशी एकदाही गाठ पडलेली नसते.

प्रश्न : आर्सेनलच्या वेंगरला शेवटी शेवटी आम्हीच शिव्या दिल्या. आता वाईट वाटतं. वाटावं का? (सात रस्ता)

उत्तर : २०१३ पर्यंतच्या शिव्यांबद्दल वाटावं. त्यानंतरच्यांबद्दल नाही.

पहिल्या नऊ हंगामांत ३ लीग आणि ४ एफए कप. २००३-०४ मध्ये २६ विजय, १२ बरोबरी, पराभव शून्य. मग २००६ मध्ये सुमारे ३८,००० आसनांचं हायबरी सोडून ६०,००० चं एमिरेट्स आलं. खर्च ३९ कोटी पौंड. कर्ज फेडायचं म्हणून दर उन्हाळ्यात कुणी तरी विकलं जायचं : २००७ मध्ये हेन्री, २०११ मध्ये फाब्रेगास आणि नास्री, २०१२ मध्ये व्हॅन पर्सी, तोही थेट युनायटेडला. अशा संघाला दर वर्षी पहिल्या चारात ठेवणं ही वेंगरची सगळ्यात अवघड कामगिरी, आणि नेमकी तीच ‘चौथा क्रमांक म्हणजे चषक काय’ म्हणून चेष्टेचा विषय झाली. पहिल्या चारात आल्यावर मिळणाऱ्या चॅम्पियन्स लीगच्या पैशावर कर्जाचे हप्ते जात होते, हे चेष्टा करणाऱ्यांच्या गावी नव्हतं.

२०१३ मध्ये ४.२५ कोटी पौंडांना ओझिल आला, तेव्हा पैशाची सबब संपली. पुढे तीन एफए कप आले खरे, पण मोठ्या संघांच्या मैदानावर फुल-बॅक (कडेचे बचावपटू) दोन्हीकडून वर, मधली जागा मोकळी, हा दोष सुटला नाही. मार्च २०१४ मध्ये चेल्सीकडे ०-६ (ती त्याची हजारावी मॅच), २०१७ मध्ये बायर्नकडून दोन मॅच मिळून २-१०. चार्ज देतानाची यादीही बरी नव्हती : सांचेझ करार संपत आल्यामुळे अदलाबदलीत गेला, रॅमसी पुढे फुकटात गेला, आणि ओझिलला मोठ्या पगाराचा नवा करार मिळाला.

ही यादी पुढचा मॅनेजर एमरीच्या गळ्यात पडली. त्याला तुम्ही लोकांनी त्याच्या इंग्रजीवरून हिणवलं. एप्रिल-मे २०१९ मध्ये पॅलेस, वुल्व्ह्ज, लेस्टर आणि ब्रायटन या चार मॅचमध्ये मिळून १ गुण आला आणि चौथा क्रमांक एका गुणानं हुकला. चूक त्याची होतीच. दर आठवड्याला रचना बदलायची सवय त्याला नडली. पण २०२१ मध्ये त्यानंच स्पेनच्या व्हियारेआलला घेऊन उपांत्य फेरीत आर्सेनलला आणि अंतिम सामन्यात युनायटेडला हरवून युरोपा लीग नेली.

प्रश्न : चेल्सी सतत मॅनेजर बदलते आणि तरी जिंकते. मग बदलावेतच ना? (अक्कलकोट रोड)

उत्तर : दी मात्तेओ आणि टुकेल दोघांनीही हंगामाच्या मध्यावर येऊन चॅम्पियन्स लीग जिंकली, २०१२ आणि २०२१. दोघांच्याही ताब्यात भरलेलं कोठार मिळालं होतं. २०२२-२३ मध्येही मॅनेजर बदलले, गुण ४४ आणि क्रमांक १२.

प्रश्न : आमचा २८ जणांचा गट होटगी रोडला एकत्र मॅच बघतो. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत क्लबच्या जुन्या मॅनेजरांवर मतदान घ्यायचं आहे. भांडण न होता कसं घ्यावं?

उत्तर : जानेवारी टाळा, जूनमध्ये घ्या. जानेवारीत हंगाम ऐन मध्यावर असतो, इंग्लंडमधली रात्री आठची मॅच आपल्याकडे दीडला सुरू होते, आणि झोपमोड करून हरलेला माणूस सध्याच्या मॅनेजरचा राग म्हणून जुन्याला दहापैकी दहा देतो.

व्हॉट्सअॅपचा पोल नको. कुणी कुणाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं आणि पहिल्या पाच मतांमागे उरलेली जातात. कागदाच्या चिठ्ठ्या करा. नावांचा क्रम चिठ्ठीगणिक फिरवा, कारण वरच्या नावाला फुकटची मतं मिळतात.

‘सर्वोत्तम कोण’ असा एकच प्रश्न ठेवलात तर फसाल. तीन वेगळे विचारा : आला त्यापेक्षा संघ चांगला करून गेला का, खेळ बघायला मजा आली का, काढला तो योग्य वेळी का. प्रत्येकाला ० ते १० गुण. क्रमवारी लावायला सांगू नका. न पाहिलेल्या मॅनेजरला लोक तळाला टाकतात. ज्याचा निदान एक हंगाम पाहिला नसेल, त्याच्यापुढे शून्य न लिहिता जागा रिकामी सोडायची. २००० नंतर जन्मलेल्यांनी २००४ च्या आर्सेनलची गोलांची कात्रणं पाहिलेली असतात, मॅच नव्हे. दहापेक्षा कमी जणांनी गुण दिले असतील, तर तो मॅनेजर यादीत वेगळा दाखवा.

मोजताना सरासरी काढू नका, मधला आकडा घ्या. समजा सात जणांनी ०, ०, ५, ६, ६, ७, ७ दिले. सरासरी येते ४.४, कारण दोघांनी खुन्नस काढली. चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा ६, आणि गटाचं मत तेच आहे. दोघांचा मधला आकडा सारखा आला तर ७ किंवा जास्त देणारे कुणाला अधिक, ते बघा. तरीही बरोबरी राहिली तर राहू द्या. नाणेफेक करून वर्षभराचं भांडण विकत घेऊ नका.

प्रश्न : इंडियन सुपर लीगमधल्या मुंबई सिटीचा लोबेरा मोठा की बकिंगहॅम? (नवी पेठ)

उत्तर : लोबेरानं २०२०-२१ मध्ये २० मॅचमध्ये ४० गुण घेऊन लीग शील्ड (साखळीतल्या पहिल्या क्रमांकाची) आणि चषक (नंतरच्या बाद फेऱ्यांचा) दोन्ही जिंकले, पण करोनामुळे तो सगळा हंगाम गोव्यात प्रेक्षकांविना झाला, प्रवास नाही, परकं मैदान नाही. बकिंगहॅमनं २०२२-२३ मध्ये तेवढ्याच मॅचमध्ये ४६ घेतले, सलग १८ लढती न हरता, देशभर फिरून. चषक मात्र उपांत्य फेरीत बेंगळुरूविरुद्ध पेनल्टीवर गेला. आम्ही बकिंगहॅमच्या बाजूचे. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा पहिला विजय त्याच्याच हाताखाली आला, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तो ऑक्सफर्डला गेला तेव्हा मागे ठेवलेल्या संघावर त्याच्यानंतर आलेल्या क्रात्कीनं मे २०२४ मध्ये कोलकात्यात मोहन बागानला ३-१ हरवून चषक आणला.